कांडल्याची सुरी

देवळी,
६ ऑक्टोबर १९५७

दादा,

नमस्कार शेवटी करीन, तोवर राग उतरला तर.

तुझं पत्र आणि फोटो दसऱ्याच्या दिवशी मिळाला. पाठीवर हवेच्या टाक्या, तोंडात रबरी नळी आणि कमरेला ती लांब, दोन्ही अंगांनी धार असलेली, सुईसारख्या टोकाची सुरी. माय तो फोटो घेऊन गावात घरोघर फिरली. रामबाईचा रूपराव कच्छमधल्या नव्या बंदरात समुद्राच्या तळाशी काम करतो, हे आता नदीच्या पलीकडच्या गावांनाही ठाऊक आहे.

तू लिहितोस की ठेकेदाराने ही नवी टाकीची सामग्री आणली, तेव्हा पाणबुड्यांना आपापली सुरी स्टोअरमधून निवडून घ्यायला सांगितलं. आणि तू ही उचललीस, ‘कारण फोटोत चांगली दिसते’. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. काही चेष्टा असेल म्हणून वाचलं. नाही, तू खरंच तसं लिहिलं आहेस.

त्याच पत्राच्या मागच्या बाजूला तू हेही लिहिलं आहेस की तुझ्याआधीचा पाणबुड्या त्या बुडालेल्या पडावाच्या, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीच्या, दोरखंडात अडकला, अर्धमेला वर काढला आणि गावी परत गेला. म्हणजे सुरी कशासाठी असते हे तुला माहीत आहे. ती मासे मारायला नाही आणि कुणाशी लढायलाही नाही. ती दोर कापून जिवंत वर येण्यासाठी आहे. खाडीचं पाणी दुधाच्या चहासारखं आहे, स्वतःचा हात दिसत नाही, असं तूच म्हणतोस. मग न दिसणाऱ्या पाण्यात, घाबरलेल्या हातात, दोन धारांचं टोकदार पातं? आधी दोर कापला जाईल की तुझी हवेची नळी?

मी काल गावी गेले होते. बाला विचारलं. ज्याने जन्मभर नदीत बुड्या मारल्या, खोडांत अडकलेली जाळी सोडवली, त्याला नाही विचारायचं तर कुणाला? बा म्हणाला, “सुरी? पान्यात सुरी कायले पाह्यजे? देवानं दोन हात देले ना.” आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. तुम्हा दोघांनाही या गोष्टीचं काहीच वाटत नाही, याचा मला संताप येतो. देश नवं बंदर बांधतो आहे, चांगलं आहे, मलाही अभिमान आहे. पण बंदर बांधणारा माणूस बंदराहून स्वस्त आहे का?

ती सुरी परत कर. दुसरी घे. कोणती, ते तुझ्या स्टोअरमध्ये काय आहे ते कळवलंस तर सांगेन.

नमस्कार.
कोकिळा


कांडला,
१३ ऑक्टोबर १९५७

कोके,

आशीर्वाद. माह्या चुका लाल शाईनं काढून हे पत्र वापस पाठवू नको. मी बोलतो तसंच लिहून राह्यलो.

आधी हे सांग, तू बी. ए. झाली थे इतिहासात का सुऱ्यांत?

स्टोअर वासुदेवरावांकडे हाय. आपल्या हिंगणघाटचे, भला माणूस. त्यायनं टेबलावर सुऱ्या मांडल्या अन् एकेकीचं समजावून सांगतलं. लांबवाली लढाईच्या वेळची, विलायती. तिचं पोलाद गंजत नाई, पर धार लवकर जाते. दुसरी आखूड, रुंद, टोक सपाट कापलेलं. तिले एका अंगानं करवतीवानी दात, दुसऱ्या अंगानं साधी धार. पर थे गंजते. रोज गोड्या पान्यानं धुवा, तेल लावा, म्हणजे नवी बायको सांभाळल्यासारखं काम. तिसरी लाकडी मुठीची. थे मंगरूनं घेतली. खाऱ्या पान्यात मूठ फुगली, आता म्यानातून निघत नाई अन् निघाली तर आत जात नाई. रोज शिव्या देऊन राह्यला.

मंगरू म्हणजे केळझरकडचा गोंडाचा पोट्टा, मी मागं लिहिलं होतं. टाक्या दोघांच्याच पाठीवर, त्याच्या अन् माह्या. एक खाली गेला का दुसरा होडीत बसून त्याचा दोर धरते. एक झटका म्हणजे ठीक हाय, दोन म्हणजे ढील द्या, लागोपाठ झटके म्हणजे ओढा. तवा तुहा भाऊ एकटा नसते, घाबरू नको.

आता लांब सुरी काऊन घेतली थे ऐक. मी आलो तवा मुकादम मले “ए मासोळी” म्हणे. ढिवराचा, मासे धरणाऱ्याचा पोट्टा म्हणून. सायबलोक होडीतून पाह्यत, त्यायच्यासमोरही तेच. थे सुरी कमरेला आली, फोटो निघाला, अन् दुसऱ्या दिवसापासून “रूपराव” म्हणते. तुह्या नावामागं बी. ए. लागलं तवापासून देवळीचे दुकानदार तुले “बाई” म्हणते ना? तसंच हे समज. तुले तुहा मान पाह्यजे, मले नको?

पडावाभोवती खाडीतल्या कोळ्यायनं लय जाळे लावले हायत. जुने, नवे, सडके, सगळे गुंतून बसले. थे निघाल्याबिगर पडाव उचलता येत नाई. काम सावकाश हाय.

मायले सांग, जेवण बरं हाय, पर ज्वारीची भाकर भेटत नाई.

तुहा,
रूपराव


देवळी,
२० ऑक्टोबर १९५७

दादा,

मला लोक ‘बाई’ म्हणतात ते मी त्यांच्या मुलींना शिकवते म्हणून. पदवी कमरेला लटकवून मी पाण्यात उतरत नाही. मुकादम तुला ‘मासोळी’ म्हणत असेल तर मुकादमाशी भांड. मी येऊन भांडेन. पण त्याच्या तोंडासाठी जीव गहाण ठेवू नकोस.

मी इतिहासात बी. ए. झाले हे खरं. म्हणून सुऱ्यांचा अभ्यास आता केला. कवडू लोहाराकडून एक टोकदार सुरी, एक साधी आणि एक गवत कापायचा दातेरी विळा मागून आणला. सुलोचनाबाईंच्या, म्हणजे माझ्या घरमालकिणीच्या, अंगणातलं पाण्याचं टाकं भरलं. त्यात नारळाचा जाड दोर, सुताची दोरी आणि तार दगडाला बांधून सोडली. डोळ्यांना पट्टी बांधली आणि पाण्यात हात घालून कापायला बसले. शाळेतल्या मुली कुंपणावर जमल्या. सुलोचनाबाई म्हणाल्या, “बाई, तुमचं लग्न ठरत नाही याचं कारण आता साऱ्या देवळीला दिसलं.” मग त्यांच्या लक्षात आलं की दोर त्यांच्याच विहिरीचा होता. ते जाऊ दे.

टोकदार सुरीने पहिल्याच झटक्यात दोर सोडून माझा तळहात गाठला. पट्टी बांधून लिहिते आहे, अक्षर त्यामुळे असं आहे. जाड दोर साध्या धारेवरून निसटतो, दातांनी कापला जातो. बारीक दोरी दातांत अडकते, तिला साधी धार हवी. तारेचं कशानेच काही झालं नाही. म्हणजे दोन्ही हवं, दात आणि धार, आणि टोक सपाट. म्हणजे वासुदेवरावांची दुसरी सुरी. ती गंजते म्हणून तू टाकलीस. आळशी माणसा, तेल लावायचा कंटाळा येतो म्हणून कुणी मरतं का?

आणि कमरेला उजवीकडे बांधू नकोस. मी बांधून पाहिलं. उजवा हात अडकला तर डावा तिथे पोचत नाही. पोटरीच्या आतल्या बाजूला बांध. तिथे दोन्ही हात जातात.

महिनाअखेरपर्यंत सुरी बदलली नाहीस तर मी तुझ्या ठेकेदाराला सरळ पत्र घालणार आहे. त्यात तुझं ते फोटोचं वाक्यही लिहीन.

कोकिळा


कांडला,
२८ ऑक्टोबर १९५७

कोके,

बदलली. आखूडवाली घेतली. डाव्या पोटरीले आतून बांधली. वासुदेवराव हसले, म्हणे, “बहिणीनं सांगतलं तवा अक्कल आली.” रोज तेल लावतो. मुकादम पुन्हा मासोळी म्हणून राह्यला, तुह्या कृपेनं.

तळहात बरा झाला का? आता शांत हो अन् पोट्ट्यायले इतिहास शिकव.

रूपराव


देवळी,
९ डिसेंबर १९५७

दादा,

परवा तुझं कार्ड आलं. ‘तब्येत ठीक, कानाला थोडं लागलं.’ अक्षर तुझं नाही.

आज बाजारात मंगरूचा मामा पुनाजी भेटला. तो म्हणाला की तुला बेशुद्ध वर काढलं, कानातून रक्त येत होतं, दवाखान्यात ठेवलं होतं. हे मला बाजारात, वांग्यांच्या ढिगापाशी उभं राहून कळलं. मायला मी अजून सांगितलेलं नाही. तू लपवतोस तेव्हा तुझ्यासाठी मलाही घरात खोटं बोलावं लागतं, एवढं ध्यानात ठेव.

काय झालं? सुरी नव्हती जवळ? मला सगळं कळव. ठीक हा शब्द वापरू नकोस.

कोकिळा


कांडला,
१५ डिसेंबर १९५७

कोके,

उठून बसतो आता. डाव्या कानानं कमी ऐकू येते, डॉक्टर म्हणते भरून निघन.

पडावाच्या कडेनं जात होतो, जाळ्यात गुतलो. पाय अन् टाकीची तोटी, दोन्ही गुतले. सुरी होती. पर चालली नाई. दात बोथट निघाले. ठेकेदाराचा माल हाय, कसा असणार? मंगरूनं खाली येऊन काढलं.

झालं थे झालं. याच्यावर अजून काई लिहू नको. दोन महिने किनाऱ्यावर काम देलं हाय, मग पुन्हा उतरायचं.

रूपराव


देवळी,
२० डिसेंबर १९५७

दादा,

लिहू नको म्हणतोस. मी लिहिलं. तुला नाही, ठेकेदाराच्या मॅनेजरला, आणि त्याची प्रत तिथल्या मजूर अधिकाऱ्याला.

तेल लावून ठेवलेली, महिनाभर न वापरलेली सुरी बोथट कशी निघते? कुणीतरी स्वस्तातला भंगार माल घेतला आणि तो तुमच्या पोटरीला बांधला. माणूस पाण्याखाली हवेसाठी तडफडतो आहे आणि त्याच्या हातात दिलेलं पातं सुताचं जाळंही कापू शकत नाही. हा अपघात नाही. मी अर्जात हेच लिहिलं आहे. ती सुरी तपासावी, ज्याने ती दिली त्याला जाब विचारावा, आणि दुसरा माणूस खाली जाण्याआधी सगळ्या सुऱ्या बदलाव्यात. खाली नाव लिहिलं, कोकिळा तानबा, बी. ए. पदवीचा उपयोग एकदा तरी होऊ दे.

हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, “सरकारी कामात बायकांनी पत्रं लिहू नयेत, भावाची नोकरी जाईल.” मी म्हटलं, जाऊ दे. गप्प बसून टिकलेल्या नोकऱ्यांनी आपल्या घराचं काय भलं केलं? मी सेवाग्रामला शिबिरात जाते, तिथे आम्ही अन्यायाविरुद्ध उभं राहण्याच्या गोष्टी करतो. स्वतःच्या भावाच्या वेळी बसून राहिले तर त्या गोष्टी कुणासाठी होत्या?

तू चिडशील. चीड. मीही चिडलेली आहे.

कोकिळा


कांडला,
८ जानेवारी १९५८

कोकिळाबाईस मंगरूचा रामराम.

मले चार बुकं येते, तवा मीच लिहून राह्यलो. रूपरावले मालूम नाई का मी लिहून राह्यलो.

बाई, तुमचा अर्ज आला अन् वासुदेवरावले कामावरून काढलं. घरी बायको बाळंतीण हाय. थे रोज गेटापाशी येऊन उभे राह्यते अन् आमाले इचारते, “मी तुमाले खराब सुरी देली का रे?” मले त्यायच्याकडे पाह्यवत नाई. रूपराव त्यायले पाह्यलं का दुसऱ्या रस्त्यानं जाते.

सुरी खराब नोती. रूपरावनं थे म्यानातून काढलीच नाई.

तुमाले खरं सांगतो. मी दोर धरून होतो. झटका देला, जवाब नाई. पुन्हा देला, नाई. मी टाकी घालून दोराले धरून खाली गेलो. काई दिसत नोतं. हातानं चाचपलं तर रूपराव जाळ्यात बसलेला अन् त्याचे बोटं चालू. दोन्ही हातानं थो जाळ्याच्या गाठी उकलून राह्यला होता. बाया तांदूळ निवडते ना, तसं, सावकाश. मी त्याच्या पोटरीची सुरी ओढली अन् जाळं कापाले लागलो. त्यानं माहा हात धरला बाई. मले कापू देत नोता. मंग त्याचं अंग ढिलं पडलं तवा कापलं. दोन-चार ओढीत जाळं फाटलं, अशी धार होती तिले.

शुद्धीवर आला तवा मी इचारलं, काऊन? त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. आमी जंगलातले मानसं, जाळ्याचं आमाले काई नाई, अडलं ते तोडलं. तुमच्यात काय हाय थे तुमी पाहा. पर वासुदेवराव गरीब मानूस हाय. तुमी लिहिलं म्हणून त्याचं काम गेलं, आता तुमीच लिहा.

रागावून लिहिलं हाय. माफी मागत नाई.

मंगरू


देवळी,
१३ जानेवारी १९५८

दादा,

मंगरूचं पत्र मिळालं. त्याच्यावर डाफरलास तर माझं तोंड पाहू नकोस.

मॅनेजरला मी आजच दुसरं पत्र टाकलं आहे. पहिला अर्ज खोट्या माहितीवर होता, वासुदेवरावांचा काही दोष नाही, त्यांना परत घ्यावं. पण माझ्या कागदावर आता कोण विश्वास ठेवील? तू जा. सुरी हातात घेऊन मॅनेजरसमोर जा, त्याच्या टेबलावर दोर ठेव आणि कापून दाखव. ज्या माणसाने तुला चांगली वस्तू समजावून दिली, त्याच्या पोटावर तू पाय दिलास. आणि माझ्या हाताने दिलास. अन्यायाविरुद्ध म्हणून मी जे पत्र लिहिलं, त्याच पत्राने अन्याय केला. हे मी विसरेन असं समजू नकोस.

आणि आता दुसरं. सुरी पोटरीला होती. दोन्ही हात मोकळे होते. मी तळहात कापून घेऊन निवडलेली सुरी होती ती. मग का नाही काढलीस? मला वाटेल ते उत्तर चालेल, खोटं नको. घाबरलास म्हण, भान नव्हतं म्हण. पण मंगरूचा हात तू धरलास. ज्याला भान नसतं तो हात धरत नाही.

कोकिळा


कांडला,
१९ जानेवारी १९५८

कोके,

मॅनेजरकडे जाऊन आलो. सुरी नेली, दोर कापून दाखवला. वासुदेवरावांले कामावर घेतलं. मले मुकादमानं सगळ्यायसमोर जे म्हणायचं थे म्हणून घेतलं. वासुदेवराव माह्यासंगं बोलत नाईत. सुरीले तेल पाह्यजे तर मी चिठ्ठी ठेवून जातो.

आता तुह्या सवालाचं. तू लहान होती, अन् पोट्ट्यायले पान्यात नेत, पोट्टीले नाई, म्हणून तुले हे अंगातून मालूम नाई.

मी सातआठ वर्साचा असन. नदीत खोडाले जाळं अडकलं होतं, किसनरावचं. मी बुडी मारली, सुटंना, तर वर येऊन बाचा विळा घेतला अन् कापलं. लवकर झालं म्हणून खूश होऊन वर आलो. बानं मले मारलं नाई. किसनरावच्या दारात नेऊन उभं केलं अन् म्हणे, “ह्यानं तुहं जाळं कापलं.” बस. किसनरावची बायको भाकर थापत होती, तिनं माह्याकडे पाह्यलं अन् चुलीवरचा तवा खाली उतरवला. जाळं नाई तर भाकर नाई. बानं पावसाळाभर त्याचं जाळं विणून देलं अन् मले बाजूले बसवून ठेवलं. तवापासून दुसऱ्याचं जाळं हाती लागलं का बोटं आपोआप गाठ धुंडते. आपल्या काठावर कोनीच कापत नाई. दम सरला तर वर या, पुन्हा जा, पुन्हा उकला. दिवस जावो.

त्या दिवशी पायाले लागलं थे सडकं जाळं नोतं. सूत नवं होतं, कोरं. डोळ्यानं काई दिसत नोतं, पर बोटाले गाठ समजली. आपल्या बाचीच गाठ, कोके. इतक्या दूर, खाऱ्या पान्यात, कोन्या कोळ्यानं तशीच मारली. मले सुरी आठवली नाई असं नाई. आठवली. हात तिकडं गेला नाई. मले वाटलं अजून एक गाठ, अजून एक. मंग मंगरू आला अन् कापाले लागला तर मले त्याचाच राग आला.

हे मॅनेजरले काय सांगू? हसते लोक. म्हणून सुरीचं नाव घेतलं.

डॉक्टरनं परवानगी देली. येत्या महिन्यात पुन्हा उतरायचं हाय, पडावाच्या त्याच अंगानं. तू म्हणशीन कापजो. मी हो म्हणीन. पर खाली बोटं काय करतीन हे माह्या हाती नाई, खरं सांगतो.

रूपराव


देवळी,
२८ जानेवारी १९५८

दादा,

तुझं पत्र घेऊन मी गावी गेले. मायला आता सगळं सांगितलं. ती रडली नाही, चुलीसमोरून उठून आत गेली.

बाला तर आधीच कळलेलं होतं, पुनाजीकडून. आणि तो काय करत होता माहीत आहे? मी पोचले तेव्हा नदीच्या काठावर चार माणसांत बसून सांगत होता, “माह्या पोट्ट्यानं समुद्रात पन जाळं नाई कापलं.” छाती काढून. माणसं माना डोलावत होती.

मी म्हटलं, “बा, थो मरत होता.”

“वर आला ना?”

“मंगरूनं आणला म्हणून आला.”

“मंगरूनं जाळं कापलं,” बा म्हणाला. कुणाचा गळा कापल्यासारखं.

दादा, मी आजवर बापाला उलट बोलले नव्हते. शिकायला नागपूरला जायचं होतं तेव्हाही मी आठवडाभर मायच्या मागे लपून राहिले होते. पण त्या दिवशी त्या चार माणसांसमोर मी बोलले. म्हटलं, “मंग जाय कच्छले. त्या कोळ्याले सांग, तुहं जाळं साबूत हाय म्हणा, माहा पोट्टा त्याच्यात हाय.”

बा उठून गेला. जेवायलाही आला नाही. माय म्हणाली, “काय बोलली तू, पोट्टी.” मी म्हटलं, जे कुणीतरी बोलायला हवं होतं ते. आणि जेवण तसंच टाकून देवळीला परत आले. वाटभर मला तुझा राग येत होता, बाचा येत होता, सुरीचा, जाळ्याचा, त्या टाक्यातल्या माझ्या शहाणपणाचा. मी पात्याचे दात मोजत बसले होते, आणि तुझी बोटं कशी घडली आहेत हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, म्हणजे काल, मी वर्गात होते. मुली खिडकीकडे पाहून कुजबुजायला लागल्या. बाहेर व्हरांड्यात बा उभा होता. एवढ्या वर्षांत तो माझ्या शाळेत कधी आला नव्हता. चप्पल पायरीखाली काढून ठेवली होती. मी बाहेर गेले तर म्हणाला, “कोके, त्याच्या पाठीवरची थे टाकी. थे घालून खालीच राह्यते का? वर येत नाई?”

मी म्हटलं, “हवा सरेपर्यंत खालीच राहतो. अडकला तर वर येताच येत नाही, बा. सुटल्याशिवाय वर नाही, आणि हवा सरली की खाली जगणं नाही.”

बा म्हणाला, “मले मालूम नोतं.” आणि भिंतीला टेकून खाली बसला. “लिव,” म्हणाला.

तो बोलला तसंच लिहिलं आहे. माझा एक शब्द त्यात नाही.

“रूपा. जाळं कापू नाई हे मी तुले शिकवलं. थे बुडी मारणाऱ्याचं हाय. माहा दम सरे, मी वर येव, पुन्हा जाव. दिवस गेला तरी माहं काई जात नोतं. तुहं तसं नाई. थे मले आज समजलं. तवा आता मी दुसरं सांगतो, थे ऐक. गुतला का काप. जुनं असो, कोरं असो, कोनाचं असो. बोटायले सांग, बानं सांगतलं म्हणून. वर आला का ज्याचं जाळं हाय त्याच्या घरी जाजो, पाय धरजो, अन् सांगजो का माहा बाप वर्धा नदीच्या काठी राह्यते, थो विणून देईन. माहे हात अजून चालते. तू जेवढं कापशीन तेवढं मी विणीन. पर काप, अन् वर येजो.”

कोकिळा